गुप्तरोगाची शंका आली तर: तालुक्याच्या दवाखान्यापासून जोडीदाराच्या उपचारापर्यंत

लघवीच्या जागेवर फोड येतो, लघवीला आग होते, अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याला घाण वास यायला लागतो. आपल्याकडे माणूस आधी गप्प बसतो. मग मेडिकलवाल्याला आजूबाजूला कोणी नाही असं बघून विचारतो आणि दोन गोळ्या घेतो. त्यानं भागलं नाही तर एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’वाल्याकडे जातो आणि उसनवारीचे पैसे घालवतो. सरकारी दवाखान्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर आजार घरातल्या दुसऱ्या माणसालाही झालेला असतो. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात बरे होऊ शकणारे लैंगिक आजार जगात रोज १० लाखांहून जास्त लोकांना होतात, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच लक्षण दिसत नाही. आपल्या तालुक्यात ट्रक चालवणारे आहेत, ऊसतोडीला जाणारे आहेत, एमआयडीसीत खोली करून राहणारे आहेत, मुंबई-पुण्याला नोकरी आणि गावाकडे बायको असे आहेत. हा आजार आधी यांच्यातच शोधला जातो. पण आयुष्यात एकाच माणसाशी संबंध आलेल्या बाईलाही तो होतो, आणि तिला तर शंका घ्यायचंही कारण नसतं. म्हणून कुणाला आजार झाला एवढ्यावरून तो किंवा ती कशी, हे ठरवू नका. दवाखान्यात जायचं की नाही, हे तर त्यावरून मुळीच ठरवू नका.

पहिलं काम: कुठल्या तक्रारीला थांबायचं नाही

पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येतो, सकाळी चड्डीवर पिवळा डाग दिसतो, लघवीला चटका बसतो. हा बहुधा परमा, म्हणजे गोनोरिया. संबंधानंतर साधारण २ ते ७ दिवसांत तो दिसतो. क्लॅमिडियाची लक्षणं तशीच, पण सौम्य. पाण्यासारखा स्राव आणि थोडी जळजळ. हे दोन्ही आजार बऱ्याचदा बरोबरच असतात. बायकांमध्ये मात्र दोन्ही गुपचूप राहतात. कळतं तेव्हा ओटीपोट दुखत असतं, संबंधाच्या वेळी दुखत असतं किंवा पाळी नसताना रक्त जात असतं. उपचार राहून गेला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात. मूल का राहत नाही म्हणून पुढे वर्षानुवर्षं दवाखाने हिंडणाऱ्या काही जोडप्यांचं मूळ कारण हेच असतं.

गरमी, म्हणजे सिफिलिस, सगळ्यात फसवी. संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तिसऱ्या आठवड्यात, जागेवर एक कडक फोड येतो. तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बुजतो आणि माणसाला वाटतं, लावलेल्या मलमानं बरं झालं. जंतू मात्र रक्तात असतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं. तळहात आणि तळपायावर न खाजणारे तांबूस डाग दिसले तर गरमीची तपासणी करायलाच हवी. तेही डाग जातात. पुढे वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि मग हृदयाला, मेंदूला किंवा डोळ्यांना इजा होऊ शकते.

बारीक पाण्याचे फोड एकाच जागी घोळक्यानं येऊन फुटले आणि खूप दुखले, तर तो हर्पिस असू शकतो. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे मऊ मस्से एचपीव्ही या विषाणूचे. जांघेत दुखरी गाठ येणं, ज्याला गावाकडे अवधाण म्हणतात, तेही दाखवायला हवं. आणि हे सगळं जननेंद्रियावरच दिसतं असं नाही. मुखमैथुनानं घशात आणि गुदमैथुनानं गुदद्वारात हेच आजार होतात.

आता कशाची भीती बाळगायची नाही तेही सांगतो, कारण भिंतीवरच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. झोपेत वीर्य जाणं, हस्तमैथुन, लघवीबरोबर किंवा शौचाला जोर केल्यावर चिकट पांढरट पाणी जाणं, ज्याला ‘धातू जाते’ म्हणतात, यातलं काहीही गुप्तरोग नाही. त्यानं अशक्तपणा येत नाही आणि त्याचा ‘कोर्स’ लागत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत बाईच्या अंगावरून पारदर्शक, ताणल्यासारखं पाणी जाणंही नैसर्गिक आहे. दह्यासारखं पांढरं जाऊन खूप खाज सुटत असेल तर बहुधा बुरशी. ती संबंधाशिवायही होते आणि साध्या औषधानं जाते. पुरुषाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा पडून खाज सुटत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीला येतो.

तीन दिवसांचा नियम

कंडोम फाटला, अनोळखी व्यक्तीशी कंडोमशिवाय संबंध आला, लैंगिक अत्याचार झाला किंवा वापरलेली सुई टोचली, तर लक्षणांची वाट बघू नका. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवस घ्यायची औषधं असतात, त्यांना पीईपी म्हणतात. ती जितकी लवकर, शक्यतो काही तासांतच, सुरू होतील तितकी उपयोगी. ७२ तास उलटल्यावर ती सुरू करून उपयोग नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जा आणि ‘पीईपी हवं आहे’ असं स्पष्ट सांगा. रात्र असली, रविवार असला तरी जा. ग्रामीण रुग्णालयात ते नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी किंवा खाजगी, कुठल्याही रुग्णालयानं मोफत उपचार करणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांत जा’ म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. त्याच भेटीत गर्भ राहू नये म्हणून गोळी, गुप्तरोग टाळण्याची औषधं आणि पीईपी, तिन्ही मागा.

जायचं कुठे

तुमच्या तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे आयसीटीसी नावाची खोली असते. एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणी तिथे होते. जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. गुप्तरोग आणि प्रजनन मार्गाच्या जंतुसंसर्गासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नाकोनं, चालवलेला हा दवाखाना. समुपदेशन, तपासणी, औषध सगळं मोफत. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारीही यावर उपचार करू शकतात. पण गावातल्या ओळखीमुळे तिथे नको वाटलं तर सरळ शेजारच्या तालुक्याला जा. पत्ता कुठला म्हणून कुणी अडवत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं आहे. महापालिकेची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं यात येत नाहीत. तिथे केस पेपरचे थोडे पैसे लागतात, पण सुरक्षा क्लिनिकची सेवा तिथेही फुकटच.

रांगेची लाज वाटते, हे मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. त्यावर एक सरळ उपाय आहे. केस पेपर काढताना खिडकीवर आजार सांगायची गरज नाही. ‘स्किन’ किंवा ‘त्वचा विभाग’ एवढंच म्हणा. त्वचारोगाचे डॉक्टरच गुप्तरोगाचेही डॉक्टर असतात, त्यांच्या पदवीतच दोन्ही येतं. बाहेरच्या बाकावर गजकर्णवाले, केस गळणारे आणि तुम्ही, सगळे एकत्रच बसलेले असतात. बायकांनी स्त्रीरोग विभागात गेलं तरी चालतं.

खाजगीत जायचं असेल तर नावापुढे एमडी किंवा डीव्हीडी (त्वचा आणि गुप्तरोगाची पदविका) असलेला त्वचारोगतज्ज्ञ बघा. तंबूवाला, जडीबुटीवाला किंवा ‘नाव गुप्त ठेवून पार्सल पाठवू’ म्हणणारा नको. तिथे पैसे जातात, पण त्याहून मोठं नुकसान वेळेचं असतं. परमा उपचाराशिवाय अंगात राहिला तर त्याचे परिणाम कायमचे राहू शकतात.

काहीच सुचत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फिरवा. चोवीस तास चालू, फुकट, नाव न विचारता. मराठीत बोलता येतं. जवळचं केंद्र कुठलं तेही विचारता येतं.

खोलीत काय होतं

समुपदेशक दार लावून बसवतात. प्रश्न विचारतात: शेवटचा संबंध कधी, कंडोम होता का, गेल्या तीन महिन्यांत किती जोडीदार, पुरुष की स्त्री की दोन्ही, तोंडाने किंवा मागून संबंध होता का, आधी कुठलं औषध घेतलं. हे प्रश्न चौकशीसाठी नसतात. कुठल्या जागेचा नमुना घ्यायचा आणि कुठलं औषध द्यायचं हे या उत्तरांवर ठरतं. मागून संबंध होता हे लपवलं तर गुदद्वाराची तपासणी होणारच नाही आणि अर्धा आजार आत राहील. पुरुषांशी संबंध असणाऱ्यांना याची जास्त धास्ती वाटते. दोन प्रौढ व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा नाहीत. डॉक्टरला सांगितल्यानं कुठलंही कायदेशीर लचांड मागे लागत नाही.

मग डॉक्टर तपासतात. पाच मिनिटांचं काम असतं. बाईला तपासताना खोलीत स्त्री परिचारिका असावी, नसेल तर मागावी. तपासणीच्या आदल्या दिवशी जागेवर मलम लावू नका. पुरुषांनी शक्य असेल तर तासभर लघवी रोखून जावं, म्हणजे स्राव नमुन्यात येतो. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. मेडिकलमधून घेतलेल्या दोन-तीन डोसांनी आजार दबतो आणि तपासणीत दिसत नाही, म्हणून डॉक्टरला ते कळायला हवं.

रक्ताच्या तपासण्या दोन: एचआयव्ही आणि सिफिलिस. सिफिलिसची तपासणी आरपीआर किंवा व्हीडीआरएल नावानं लिहितात. हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या, आपणहून मागा. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकाची संमती लागते. रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी, फक्त तुमच्या हातात, बंद खोलीत समजावून दिला जातो. पहिल्या किटवर संसर्ग दिसला तर आणखी दोन वेगवेगळ्या किटवर खात्री केली जाते. एका चाचणीवरून कुणी तुम्हाला ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं तर तो अंतिम रिपोर्ट धरू नका.

औषध: रंगीत पाकिटं आणि एक दुखरं इंजेक्शन

सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांच्या गटानुसार औषधांची तयार किट मिळतात. त्यांना १ ते ७ क्रमांक आणि रंग आहेत: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि पुष्कळ पेशंट परत येतच नाहीत. म्हणून त्याच भेटीत उपचार व्हावा अशी ही पद्धत. शक्य असतं तेव्हा पहिला डोस समुपदेशकांसमोरच घ्यायला सांगतात. मित्राला करड्या पाकिटानं बरं वाटलं म्हणून तेच मागू नका. पाकीट तक्रारीप्रमाणे बदलतं, आणि कोणत्या पाकिटात काय असावं हेही वेळोवेळी सुधारलं जातं.

मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊन परमा बरा करायचे दिवस गेले. परम्याच्या जंतूनं या औषधाला दाद देणं बहुतेक सोडलं आहे. अर्धवट गोळ्यांनी पू थांबतो, जंतू राहतो, आणि तो पुढच्याला लागतो तेव्हा औषध न जुमानणारा होऊन लागतो.

गरमीवर मात्र जुनं बेंझाथिन पेनिसिलिनच आजही रामबाण आहे. सुरुवातीच्या गरमीला २४ लाख युनिटचा एकच डोस, जुन्या गरमीला दर आठवड्याला एक असे तीन. औषध पांढरं, दाट असतं. जाड सुई लागते, आणि बऱ्याचदा दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं-निम्मं देतात. दुखतं, दोन दिवस बसायला त्रास होतो. आधी ॲलर्जीची चाचणी घेतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. घाई करून उठू नका. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. मेलेल्या जंतूंमुळे असं होतं, एका दिवसात उतरतं. पेनिसिलिन चालत नसेल तर दुसरी औषधं आहेत, पण गरोदर बाईला पेनिसिलिनच द्यावं लागतं, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तरी.

हर्पिसचा विषाणू शरीरातून जात नाही, पण औषधानं फोड लवकर सुकतात आणि पुन्हा येण्याचं प्रमाण कमी करता येतं. मस्से दवाखान्यात औषध लावून, गोठवून किंवा जाळून काढतात. चुना, ॲसिड, ब्लेड असले उद्योग घरी करू नका.

जोडीदार

सगळ्या उपचाराची खरी कसोटी इथे लागते. एकानं औषध घेतलं आणि दुसऱ्यानं घेतलं नाही, तर आजार परत येतो आणि दोष औषधाला जातो. जोडीदाराला त्रास नसला तरी उपचार लागतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारासाठीही औषध मोफत असतं. समुपदेशक एक चिठ्ठी देतात, ती घेऊन जोडीदार कुठल्याही केंद्रात जाऊ शकतो. एक डोसाच्या उपचारानंतर सात दिवस, आणि दोघांचाही उपचार पूर्ण होईपर्यंत, संबंध ठेवायचे नाहीत.

सांगायचं कसं? भांडणाच्या वेळी नाही, पिऊन आल्यावर नाही, सासू-सासरे घरात असताना नाही. ‘मला जंतुसंसर्ग झालाय, डॉक्टर म्हणतात दोघांनी एकदम औषध घेतलं तरच जातो, आपण उद्या जाऊ’ एवढं वाक्य पुरतं. कोणाकडून, कधी, हे प्रश्न नंतर येतात. यायचे तेव्हा त्यांना उत्तरं द्यावी लागतील, पण आधी गोळी पोटात जाऊ दे. बाईच्या बाबतीत मार आणि घराबाहेर काढलं जाण्याची भीती खरी असते. नवऱ्याकडूनच आलेला आजार तिची तपासणी आधी झाली म्हणून तिच्याच माथी मारला जातो, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही. अशा बाईनं घरी एकटीनं सांगू नये. ‘त्यांना दुसऱ्या कारणानं बोलावून तुम्हीच सांगा’ असं समुपदेशकांना म्हणावं. हे त्यांचं काम आहे. नवऱ्यांनो, तुम्ही बाहेर गेला असाल आणि तुम्हाला त्रास असेल, तर बायकोला घेऊन जाणं ही तुमची जबाबदारी आहे. तिनं ओटीपोट धरून बसण्याची वाट पाहू नका.

आणि हे फक्त नवरा-बायकोपुरतं नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या प्रत्येक जोडीदाराला कळवायला हवं, मग तो एका रात्रीचा का असेना. फोन करायची हिंमत नसेल तर मेसेज करा.

पुन्हा कधी तपासायचं

सात दिवसांनी दाखवायला जायचंच, बरं वाटलं तरी. गरमीच्या उपचारानंतर ३, ६ आणि १२ महिन्यांनी आरपीआर करा. पहिल्या रिपोर्टवर समजा १:३२ असं लिहिलेलं असेल, तर ते उतरून १:८ किंवा त्याखाली आलं की औषध लागू पडलं. पहिला रिपोर्ट फेकू नका, तुलना त्याच्याशीच होते. गरमीची दुसरी एक तपासणी, टीपीएचए, बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, तिनं घाबरून पुन्हा इंजेक्शनं घेऊ नका.

संबंधानंतर दुसऱ्या दिवशी केलेली एचआयव्हीची तपासणी त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. ही चाचणी शरीरातली प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. सरकारी केंद्रातली चाचणी तीन महिने पूर्ण झाल्यावर निगेटिव्ह आली की त्या घटनेपुरतं निश्चिंत व्हा. मधल्या काळात कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. तपासणी फुकट होते म्हणून रक्तपेढीत जाणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. नुकत्या लागलेल्या संसर्गाचं रक्त चाचणीतून निसटू शकतं आणि दुसऱ्या कुणाच्या अंगात जातं.

एचआयव्ही निघाला तर

देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, चार लाखांच्या आसपास. त्यातले बहुसंख्य नोकरी-धंदा, संसार करत जगताहेत. २०१७ पासून संसर्ग कळल्याबरोबर औषध सुरू करायचं धोरण आहे, तब्येत खालावायची वाट बघत नाहीत. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून, बहुतेकांना दिवसाला एक गोळी मिळते, कायमची आणि मोफत. नियमित घेतली तर रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि तसा तो राहिला तर संबंधातून दुसऱ्याला एचआयव्ही लागत नाही. टीबीची तपासणी न चुकता करून घ्या.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमची माहिती संमतीशिवाय उघड करणं, नोकरीवरून काढणं, शाळेत किंवा दवाखान्यात नाकारणं गुन्हा किंवा तक्रारीचा विषय ठरतो. केस पेपरवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, खाटेवर पाटी लावली, तर जिल्हा रुग्णालयातल्या एड्स नियंत्रण कक्षाकडे किंवा कायद्यानं नेमलेल्या लोकपालाकडे लेखी तक्रार द्या. एक अपवाद ध्यानात ठेवा: वारंवार समजावूनही तुम्ही जोडीदाराला सांगत नसाल आणि त्याला खरा धोका असेल, तर तुम्हाला आधी कळवून डॉक्टर त्याला सांगू शकतात. जिथे बाईला मारहाणीचा धोका आहे, तिथे हे लागू होत नाही.

गरोदरपण आणि ‘पिशवी काढा’

गरोदर असल्याचं कळलं की पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्ही तपासण्या झाल्या का ते कार्डावर बघा. पहिली तपासली जाते आणि दुसरी राहून जाते, असं होतं. उपचार न झालेल्या गरमीनं गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा व्यंग घेऊन येऊ शकतं. वेळेत दिलेल्या इंजेक्शननं हे टळतं. आईला एचआयव्ही असला तरी तिचं औषध आणि बाळाचं औषध नीट चाललं तर बाळाला संसर्ग होण्याचा धोका अगदी थोडा उरतो. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळालीच पाहिजे, डिस्चार्जच्या आधी विचारा.

आणि हे विशेष लिहायचंच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीचा त्रास, अशा तक्रारींवरून तरुण बायकांना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जायची. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही, मग जंतुसंसर्ग होणारच. त्यातला पुष्कळसा गोळ्यांनी बरा होणारा असतो. म्हणून पांढरं जातं एवढ्यासाठी कुणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी स्रावाची तपासणी, मग नवऱ्यासह औषधाचा कोर्स, मग सरकारी रुग्णालयात दुसरं मत. तीसच्या पुढच्या बाईनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

टाळायचं कसं

कंडोम. आयसीटीसीत लाकडी मॉडेलवर तो कसा चढवायचा ते दाखवतात. लाजून ‘येतं मला’ म्हणू नका, एकदा बघा. पाकिटावरची तारीख बघायची, दातानं फाडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, आणि काम झाल्यावर ताठरता असतानाच कडा धरून बाहेर काढायचा. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं की कंडोमचं रबर (लॅटेक्स) कमकुवत होऊन फाटतं. पाण्यात बनवलेलं वंगण (वॉटर-बेस्ड जेल) चालतं. एकावर एक दोन घालू नका. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात किंवा ट्रकच्या डॅशबोर्डवर महिनोन् महिने ठेवलेला उन्हानं खराब होतो. सरकारी केंद्रांत निरोध फुकट मिळतात. हर्पिस, गरमी आणि मस्से कंडोम झाकत नाही त्या कातडीवरूनही लागू शकतात, म्हणून फोड दिसत असताना संबंधच नकोत.

एचपीव्हीची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली आणि २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना दोन डोस, १५ ते २६ वयात तीन. ती संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सगळ्यात उपयोगी. प्रौढांनी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले नसतील तर घ्यावेत. लग्नाआधी पत्रिकेबरोबर दोघांच्या रक्ताचे रिपोर्टही बघावेत. सक्ती म्हणून नको, दोघांनी एकत्र जाऊन, एकमेकांच्या संमतीनं.

गावानं काय करायचं

सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांनी १९९० च्या दशकात स्वतः एकमेकींत कंडोम वाटले, शिकवलं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. जिच्यावर बोट ठेवलं जातं तिला माणूस म्हणून सोबत घेतलं तर ती वस्तीचं आरोग्य राखते, हे त्यांनी करून दाखवलं. गावातही हेच लागू आहे. आशाताईंकडे कंडोम असतात, पण त्या पुरुषांना द्यायला संकोचतात. न्हावी, पानटपरीवाला, ट्रान्सपोर्टचा मुनीम यांच्याकडे निरोधचा डबा ठेवला तर तो आपोआप संपतो. ग्रामसभेनं १०९७ हा नंबर पुरुषांच्या संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवावा, तिथे तो एकट्यानं वाचता येतो.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राला ग्रामपंचायतीचं पत्र द्या आणि निघणाऱ्या जोडप्यांसाठी एक तपासणीचा दिवस मागा: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सिफिलिस, एचआयव्ही सगळं एकत्र, म्हणजे कोण कशासाठी आलं ते कुणाला कळत नाही. बायकांची आणि पुरुषांची वेळ वेगळी ठेवा. औषधं, पाळीचे पॅड आणि कंडोम सोबत बांधून द्या. फडापासून जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते मुकादमाला लिहून द्या. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत आल्या की त्याच लोकांसाठी दुसरा दिवस ठरवा. त्याची तारीख निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवायची.